पंचवीस डोकी

भोंगा दाराला पाठ लावून उभी होती आणि दार तिच्या पाठीवर आदळत होतं. बाहेरून लाथा बसत होत्या. प्रत्येक लाथेला ती पुढे फेकली जायची, परत मागे जाऊन टेकायची. आणि ही बाई करत काय होती? मोजत होती.

"एकोणतीस! सगळे बसा! सभा चालू आहे!"

तिचं खरं नाव कुणीच घ्यायचं नाही. उंची जेमतेम पावणेपाच फूट, अंगावर मूठभर मांस, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस वळून बघेल. म्हणून भोंगा. बाप वेल्डर, आई कपडे शिवायची, ही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आणि आमच्या भागातल्या शाखेची सचिव. संघटना देशभर आहे, पण चालवतात विद्यार्थीच. रक्तदान, पुरात माणसं बाहेर काढणं, लहान पोरांना शिकवणं, ही कामं. मोठ्या माणसानं खुर्ची धरायची नाही. पंचविशी गाठली की उठायचं.

आमच्याकडे माजी उठला नव्हता.

तो माजी अध्यक्ष, म्हणून सगळे त्याला नुसतं माजी म्हणायचे. वय अठ्ठावीस. एका बिल्डरकडे कामाला लागला होता, तरी शाखेच्या खोलीची किल्ली खिशात घेऊन फिरायचा. "चला रे, सेवा आहे," म्हणून पोरं न्यायचा आणि भाडेकरूंचं सामान रस्त्यावर फेकायला लावायचा. एका म्हातारीचा पाय मोडला त्यात. जी पोरं नाही म्हणाली त्यांना जिन्यात गाठून चोपलं. नव्वद मेंबर होते, राहिले एक्केचाळीस. वरून पत्र आलं, वर्षअखेर साठ भरले नाहीत तर शाखा बंद.

साठ आणायचे कुठून? भोंगाला उत्तर आमच्या दुकानात मिळालं.

माझ्या मामाचं पंक्चरचं दुकान. मी आठवीत शाळा सोडली आणि तिथं बसले. मला सगळे टायर म्हणतात. मुलीच्या हातात पान्हा बघून गिऱ्हाईक हसतं, मग तासाभरानं पैसे देताना गप्प असतं. भोंगा सायकल घेऊन आली आणि मी ट्यूब पाण्यात बुडवत होते तेव्हा विचारलं, "काय गं, शाळेत का जात नाहीस?"

"तुम्ही कशाला जाता?"

"मला विचारू नकोस, मी आधी विचारलंय."

"मारकुट्या मास्तरला डस्टर फेकून मारला. कपाळ फुटलं त्याचं."

मला वाटलं, आता उपदेश येणार. तिनं तोंड वासलं आणि हसली. म्हणाली, "मी एका पोराचे दोन दात पाडले होते. नववीत. मला काढणारच होते शाळेतून. माजी मध्ये पडला. त्यानं मला संघटनेत आणलं, बोलायला उभं केलं. मला जे काय येतं ना, ते त्यानं शिकवलेलं."

मग तिनं सांगितलं की त्या दिवसापासून तिनं कुणावर हात उचललेला नाही. संघटनेचा नियमच तो आहे. हात उचलला की नाव कापलं.

आमच्या दुकानापासून पुढच्या चौकापर्यंत आमच्यासारखी चाळीस जणं तरी होती. गॅरेजात, बेकरीत, खोक्यांच्या कारखान्यात. वय सोळा, सतरा, अठरा. शाळा सुटलेली. भोंगाचं म्हणणं, शाळा सुटली म्हणून पोरं तरुण राहत नाहीत का? यांना मेंबर करा. शाखा वाचेल, आणि संध्याकाळी मेंबरच त्यांना परीक्षेला बसवतील. हे शाखा स्वतः ठरवू शकत होती, फक्त सभेत निदान पंचवीस मेंबर हजर पाहिजेत. चोवीस झाले की सभा मोडली. परत महिनाभर घेता येत नाही, आणि महिना आमच्याकडे नव्हता.

माजीला हे पाठ होतं. नियम त्यानंच शिकवलेले. म्हणून तो मतं फोडायला आला नव्हता, डोकी कमी करायला आला होता.

भर दुपारची वेळ. छापखान्यामागची लांबट खोली. मेंबर बाकांवर, आम्ही तेराजण मागे भिंतीला टेकून. पाहुणे. भोंगानं सकाळीच दम दिला होता, "काही झालं तरी हात खिशात. तुमच्यातल्या एकानं जरी मारलं तरी सगळे म्हणतील, बघा, असली माणसं आत घ्यायची होती. टायर, तुला सांगतेय मी."

"मलाच का?"

"तुझ्याकडे बघूनच."

कडी तुटली. दार आत आलं आणि भोंगा त्याच्याबरोबर बाकावर जाऊन पडली. सातजण होते. पहिल्यानं पुढच्या बाकावरच्या चष्मेवाल्या पोराला कॉलर धरून उचललं आणि दाराबाहेर भिरकावलं. पायरीवर त्याची हनुवटी आपटलेली मी ऐकली.

"अठ्ठावीस," भोंगा उठत म्हणाली.

दोन पोरी एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांना तसंच, जोडीनं, फरफटत नेलं. एकीच्या बाहीचा तुकडा खिळ्याला राहिला.

"सव्वीस! बाकाखाली पाय अडकवा! कुणी मारायचं नाही!"

कुणी मारत नव्हतं. ते बघवत नव्हतं. एका पोराच्या तोंडावर गुडघा बसला. नाकातून भळाभळा रक्त, शर्ट लाल, आणि तो दोन्ही हातांनी बाक धरून. त्याच्या बोटांवर बुटाची टाच देत होते. बोटं सुटली नाहीत. आमचा बेकरीवाला रडायला लागला. म्हणाला, "टायर, मी जातो मध्ये." मी त्याला धरून ठेवलं. मी! लोक विश्वास ठेवत नाहीत.

अजून एक गेला. पंचवीस.

तेव्हा माजी आत आला. इतका वेळ बाहेर उभा होता. शर्टाला इस्त्री. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि सरळ भोंगाकडे गेला.

"चल, पुरे झालं. लागलंय तुला."

"दादा, तुम्ही पाहुणे आहात. मागे भिंतीला उभे राहा."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय."

त्यानं कानाखाली दिली. अशी की ती टेबलावर पडली आणि शाईची बाटली लवंडली. मग त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि ओढायला लागला. ती टेबलाचा पाय धरून होती. टेबल सरकत होतं तिच्याबरोबर, दाराकडे, किर्र किर्र करत. ती बाहेर गेली की चोवीस. केसांखाली डोक्याचं कातडं ताणलेलं मला दिसत होतं, आणि ती खालून ओरडत होती, "पंचवीस! अजून पंचवीस!"

मी दुकानातून सरळ आले होते. पान्हा पिशवीत होता.

एकच मारला. मनगटावर, ज्या मुठीत केस होते त्याच मनगटावर. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मूठ उघडली. माजी खाली बसला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला, तो हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मग ओरडला. त्याची माणसं थांबली. हाडाचं टोक बाहेर आलं होतं, ते बघून त्यातला सगळ्यात दांडगा ओकला. बाकीच्यांनी माजीला उचलला आणि पळाले.

मला वाटलं भोंगा माझ्याकडे बघेल. नाही बघितलं. टेबल सरळ केलं, खुर्चीत बसली. कानातून रक्त गळत होतं.

"मतदान घेऊ."

नाक फुटलेला पोरगा म्हणाला, "सचिव, हिला घ्यायचं आपण? हिनं आत्ता माणसाचा हात मोडला."

"हिला घ्यायचं का ते नंतर. दार उघडायचं का ते आत्ता. उभे राहा."

एकोणीस उभे राहिले. त्या नाकवाल्यासकट. दोन-तृतीयांश मतं लागत होती, सतरा पुरले असते.

पोलीस आले. फौजदारानं विचारलं, कुणी मारलं? सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि भोंगानं माझ्याकडे बोट केलं.

"हिनं. पान्ह्यानं. मला बाहेर ओढत होता म्हणून. दोन्ही लिहा साहेब, अर्धं नको."

मला सुधारगृहात पाच महिने झाले. मी तिथं दोन पोरींना बडवलं आणि एकीकडून मार खाल्ला, वरची पापणी शिवावी लागली. आत गेल्या गेल्या मामानं सांगितलं की माझं नाव मेंबरांत घेतलंय, सभेच्या दिवशी मी मेंबर नव्हते म्हणून नियम लागत नाही असं भोंगानं भांडून ठरवलं. बासष्ट झाले. शाखा वाचली. मेंबरानं दर आठवड्याला चार तास सेवा करायची असते, ज्याची केली त्याची कागदावर सही आणायची, तीन महिने केली नाही तर नाव जातं. आजारी असला किंवा कुठे अडकला तर दुसऱ्यानं त्याच्या जागी, त्याच्या नावावर करायची. म्हटलं, मी काय आत सेवा करणार, संडास धुते ते धरतात का?

भेटीचा दिवस रविवार. मामा यायचा. बेकरीवाला पाव घेऊन यायचा. भोंगा एकदाही आली नाही. मी मामाला म्हणायचे, "तिच्यासाठी आत बसलेय आणि तिला चार तास मिळत नाहीत?" मामा म्हणायचा, "कामात असेल गं." मी भिंतीवर मूठ मारून घ्यायचे. पोलिसांना खरं सांगितलं त्याचा राग नव्हता मला. रविवारचा होता.

सुटून आले तर माझं नाव यादीत तसंच. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिनं मला पुस्तकं दिली आणि दहावीला बसवलं. गणितात दोनदा उडाले, ती दोन्ही वेळा एवढी ओरडली की शेजारचे धावत आले. मग ती पास होऊन दुसऱ्या गावी नोकरीला गेली. पंचविशी व्हायच्या आधीच उठली खुर्चीवरून.

गेल्या महिन्यात दुकानात एक बाई स्कूटर घेऊन आली. मला नीट न्याहाळून म्हणाली, "तू टायर ना? मी त्याची आई. ज्याचा हात मोडलास तू."

मी पान्हा खाली ठेवला.

ती म्हणाली, हात पाच महिने प्लास्टरमध्ये होता, दोनदा ऑपरेशन करून हाड परत बसवलं. बिल्डरनं एक पैसा दिला नाही, त्या सातांतला एकही फिरकला नाही. दर रविवारी ती छोटी, मोठ्या आवाजाची मुलगी यायची. चार तास. त्याला आंघोळ घालायला मदत करायची, भरवायची, जखम धुवायची. पहिल्या दिवशी त्यानं ताट फेकलं तिच्या अंगावर. तिनं फरशी पुसली आणि परत वाढलं. निघताना एक कागद पुढे करायची, त्यावर तो सही करायचा, डाव्या हातानं.

"कागदावर नाव तुझं असायचं," ती म्हणाली.