सामान दुसऱ्या जळकोटात

पुण्यात आमच्या गल्लीत दातांचे सहा दवाखाने होते, त्यातला सहावा माझा. दुपारी पेशंट नसला की मी समोरच्या डॉक्टरणीकडे चहाला जायची. तिच्याकडेही पेशंट नसायचा, म्हणून चहा निवांत व्हायचा. दोन वर्षं असा चहा पिऊन झाल्यावर नवरा म्हणाला, "माझं काम लॅपटॉपवर, कुठूनही होतं. तू म्हणशील तिथं जाऊ."

त्याच्या एका मित्रानं धाराशिव जिल्ह्यातलं जळकोट सुचवलं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, भोवताली बरीच खेडी, आणि दाढ दुखली की माणसं गाल धरून थेट सोलापूर गाठायची. आम्ही जाऊन पाहिलं आणि बसस्टँडच्या मागं, मारुतीच्या देवळाशेजारी, हिरव्या गेटचं घर भाड्यानं घेतलं. किल्ली शेजारच्या आजोबांकडं ठेवली.

निघायच्या दिवशी सामान ट्रकमध्ये चढवलं. त्यात माझी दातांच्या दवाखान्यातली मोठी खुर्चीही होती, गोधड्यांत गुंडाळलेली. सासूबाईंना देवघर ट्रकमध्ये द्यायचं नव्हतं, पण गाडीत जागा नव्हती. आम्ही चौघं, म्हणजे नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि मी, मुक्कामाला सोलापुरात मावससासूबाईंकडे थांबलो. संध्याकाळी ट्रकवाल्याचा फोन आला.

"सायेब, पोचलो. स्टँडच्या मागं, मारुतीशेजारी, हिरवं गेट. कुलूप हाय."

"शेजारी आजोबा आहेत, त्यांच्याकडे किल्ली आहे," नवरा म्हणाला.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "किल्ली मिळाली. आजोबांनी चहा बी पाजला. उतरवतो."

सकाळी आम्ही जळकोटला पोचलो. हिरवं गेट उघडलं. आत काहीच नव्हतं. एक केरसुणी होती, ती घरमालकाची.

शेजारचे आजोबा किल्ली घेऊन आले. "मी कुणाला चहा दिला न्हाय," ते म्हणाले. चहा न दिल्याचा आळ आल्यासारखे ते ओशाळले आणि लगोलग घरात जाऊन आमच्यासाठी चहा ठेवायला सांगून आले.

नवऱ्यानं ट्रकवाल्याला फोन लावला. तो तोवर दुसरा माल घेऊन नांदेडच्या पुढं गेला होता.

"जळकोटलाच उतरवलं की!"

"अहो, पण इथं काही नाही. तालुका तुळजापूर ना?"

"तुळजापूर कशाला? जळकोटच तालुका हाय. लातूर जिल्हा."

फोन स्पीकरवर होता. आजोबांनी कपाळाला हात लावला. "ते दुसरं जळकोट. उदगीरच्या पल्याड. आमच्या लग्नपत्रिका बी तिकडं जात्यात."

तर तिकडेही स्टँड होतं, स्टँडमागं मारुती होता, मारुतीशेजारी हिरव्या गेटचं रिकामं घर होतं आणि त्याची किल्ली शेजारच्या आजोबांकडं होती. तिथं बँकेत बदलून येणारे एक साहेब राहायला येणार होते, सामान त्यांचंच असं समजून त्या आजोबांनी गल्लीतली माणसं बोलावून सगळं नीट लावून घेतलं होतं. ट्रकवाल्याकडून नंबर घेऊन आम्ही त्या आजोबांना फोन केला.

"म्हणजे हे तुमचं व्हय?" ते म्हणाले. "कपाट भिंतीला लावलं. घड्याळ टांगलं. आता पुन्यांदा उतरवायचं म्हणजे लई ताप. त्यापेक्षा असं करा, तुमीच इकडं राहायला या. तुमी किती माणसं?"

"चौघं."

"मग काय! चार माणसं आणायची का ट्रकभर सामान?"

नवऱ्याला त्या म्हणण्यात तथ्य वाटत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मी फोन काढून घेतला, तेवढ्यात सासूबाईंनी तो माझ्याकडून घेतला.

"आमच्या देवांचं काय?"

"सकाळी आंघोळ करून मीच पूजा केली, बाई. बाळकृष्णाचा एक डोळा पुसला गेलता. काजळानं काढून दिला."

सासूबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माणूस सभ्य दिसतोय."

ट्रकवाला पाच दिवसांनी परत फिरणार होता. तोवरचे दिवस आम्हाला त्या रिकाम्या घरात काढायचे होते. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. पहिल्यांदा एक बाज आली, मग दोन गोधड्या, मग पाण्याची घागर, मग कुकर. संध्याकाळी शेजारच्या आजी कुकरमध्ये घालायची डाळ घेऊन आल्या, कारण कुकर ज्यांनी दिला त्यांनी डाळ दिली नव्हती, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे तीन परातींसह पुण्यापेक्षा जास्त भांडी होती, प्रत्येकावर वेगळ्या घराण्याचं नाव कोरलेलं.

समोर सलून होतं. तिथला कारागीर आपली खुर्ची ढकलत घेऊन आला.

"मॅडम, ही घ्या. वर-खाली होती, मागं बी पडती. माझं प्लास्टिकच्या खुर्चीवर भागतंय."

अवजारांची पेटी मी गाडीत जवळच ठेवली होती, म्हणून दात तपासायला सुरुवात केली. घोटाळा दुसऱ्याच दिवशी झाला. एक गृहस्थ आत आले, खुर्ची ओळखून बसले, डोळे मिटून मान मागं टाकली. मी त्यांचं तोंड उघडून आरसा आत घातला. ते काही तरी बोलत होते. आरसा काढल्यावर कळलं.

"दात न्हाय मॅडम. दाढी."

मी माफी मागितली. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "आता बघितलंच हाय तर सांगा की."

दोन दाढा किडल्या होत्या. ते सुन्न होऊन दाढी करायला समोर गेले.

पाचव्या दिवशी मुलीला शेजारी ठेवून आम्ही तिघं उमरगा, निलंगा, उदगीर करत दुसऱ्या जळकोटला गेलो. ट्रकवाला तिथंच येणार होता. हिरव्या गेटवर टकटक केली. टॉवेल गुंडाळलेल्या एका मध्यमवयीन माणसानं दार उघडलं. त्याच्या हातात आमचा चहाचा कप होता.

"कोण पाहिजे?"

हे बँकेतले साहेब. आदल्या दिवशी एक सूटकेस घेऊन आले होते, आणि आजोबांनी "सामान दुसऱ्याचं हाय, तोवर खुशाल वापरा" असं सांगितलं होतं. कळल्यावर ते इतके शरमले की टॉवेल सावरत आम्हाला "बसा, बसा ना" म्हणाले. आम्ही आमच्या सोफ्यावर अवघडून बसलो. त्यांनी आमच्या कपांतून चहा दिला. मी "थँक्यू" म्हणाले. साखर त्यांना सापडली नव्हती, ती कुठल्या डब्यात आहे ते मी सांगितलं.

आतल्या खोलीत माझी खुर्ची मांडलेली होती, वायर जोडलेली. तिच्यावर तिथले आजोबा आडवे होते आणि बटण दाबून वर-खाली होत होते. दारात पाचसहा माणसं पाळीची वाट बघत उभी होती.

"कमरेला आराम पडतो," आजोबा म्हणाले.

"दात कसे आहेत?" मी विचारलं आणि पेटी उघडली.

चार दिवस ज्या खुर्चीवर ते मजेत झुलत होते, तिच्यावरून ते टुणकन उतरले. तोंडावर हात ठेवून म्हणाले, "ह्या खुर्चीत दात काढत्यात व्हय? आधी सांगायचं की!" मागं उभी माणसंही हळूहळू पांगली. शेवटी सासूबाई आजोबांजवळ गेल्या. "तुम्ही आमच्या देवांचं केलंत, सून तुमचं नुसतं बघेल. काढणार नाही."

मी नुसतं बघितलं. एक दाढ इतकी हलत होती की बघताबघताच हातात आली. आजोबा थक्क झाले. "ही सा महिनं छळत होती," ते म्हणाले आणि स्वतः सामान चढवायला पुढं झाले.

घर रिकामं होत गेलं तसे बँकेतले साहेब एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत राहिले. शेवटी सूटकेसवर बसले. मला बघवेना. सासूबाईंनी एक गादी, दोन उशा आणि ते कप त्यांच्यासाठी मागं ठेवायला लावले. नवरा म्हणाला, "कप आपल्याला लागतील." सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडं आता गावाचे आहेत."

दवाखाना आठवड्यानं सुरू झाला. सुरुवातीला दुखणं घेऊन कुणीच आलं नाही, सगळे खुर्ची बघायला आले. बसले, वर गेले, खाली आले, सासूबाईंनी दिलेला चहा प्यायले. मी आपलं एकेकाचं तोंड बघून घेतलं. पाचव्या दिवशी सुजल्या गालाच्या एक बाई अणदूरहून आल्या, तेव्हा त्यांच्यापुढं बारा धडधाकट माणसं रांगेत होती आणि त्यांतलं एकही आपला नंबर सोडायला तयार नव्हतं.