धावताना म्हटलेले पाढे

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निपाणीकडच्या खेड्यातून बेंगळूरला आलो, तेव्हा वाटायचं, इथे प्रत्येक गोष्टीचा काहीतरी नियम आहे आणि तो बाकीच्यांना आधीच ठाऊक आहे. धावण्याचाही असणार.

कॉलेजच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी संघ निवडायचा होता. मला त्यात यायचंच होतं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. सुरुवातीला जीव तोडून धावलो आणि दोन्ही नडग्या ठणकू लागल्या. खेळाचे सर म्हणाले, "धावताना बोलता आलं पाहिजे, इतकं हळू धाव. दम लागला की चाल. हाडांना सवय होऊ दे."

बोलायचं, पण कोणाशी? सोबत कोणी नव्हतं. मग लालबागेच्या कडेने धावताना मी मोठ्याने पाढे म्हणू लागलो. एकोणतीसचा पाढा धापेने तुटला की चालायचं, श्वास जमला की पुन्हा धावायचं.

मी ज्यांच्याकडे राहत होतो, त्या अक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या; मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. एका सकाळी त्यांनी मला दारातच अडवलं.

"तम्मा, खरं सांग. नापास झालास काय?"

"नाही अक्का. का?"

"दूधवाला म्हणतो, तुमच्याकडचा पोरगा आकडे बडबडत पळतो. अय्यो, शिकून शिकून डोकं फिरलं म्हणे!"

"सरांनीच बोलत पळायला सांगितलंय."

"असले कसले सर ते? सरी, ठीक आहे, पळ. पण स्वल्प हळू बडबड. गल्लीत आमचं नाव आहे."

नडग्यांचं दुखणं थांबलं, अंतरही हळूहळू वाढलं. निवडीच्या दिवशी मी तसाच, पाढे म्हणत धावलो. सगळे पुढे निघून गेले. मी शेवटी पोहोचलो, तेही धाप न लागता.

सर बघतच राहिले. "अरे, आज कशाला बोलत होतास? आज पळायचं होतं!"

संघात माझं नाव आलं नाही. पाय दुखत नव्हते, म्हणजे माझं बरोबर होतं. शेवटचा आलो, म्हणजे चुकलं होतं. बोलणं कधी थांबवायचं हे मी विचारलं नव्हतं, आणि ते सांगावं लागेल असं सरांना वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आपोआप बाहेर पडले. आता बोलायचं की नाही, ते कळेना. म्हणून गप्पच निघालो. मागून अक्कांचा आवाज आला, "तम्मा, आज आवाज नाही? बरं नाही काय?"

मी एकोणतीसचा पाढा सुरू केला.