टँकरच्या पाण्याची बाटली

संदेश काल गेला. माझ्याशी खोटं बोलून गेला.

सकाळपासून सगळ्यांचे RIP वाचतेय. हुशार, दिलदार, मित्रांसाठी जीव टाकणारा. सगळं खरं आहे. लालबागच्या त्यांच्या खोलीत मीही पोटभर जेवलेय.

पण मला आज तेवढंच लिहायला जमणार नाही. सॉरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये पीएचडी करत होतो, पेप्टाइडच्या एकाच प्रोजेक्टवर. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा बारकासा तुकडा. पाण्यात टाकला की हे तुकडे आपले आपण जुळतात आणि त्यांचे धागे होतात, डोळ्यांना न दिसणारे. त्या धाग्यांवर काचेसारखा थर चढवायचा, मग भट्टीत तापवायचं. धागा जळून जातो आणि काचेची पोकळ नळी उरते. मजबूत, वर्षानुवर्षं टिकणारी.

संदेशने हे एकदा त्याच्या आईला समजावलं होतं. काकी मोदक वळत होत्या.

"आई, तुझा मोदकाचा साचा असतो ना, तसंच. फक्त हा साचा आपोआप बनतो आणि काम झालं की जाळून टाकायचा."

काकी म्हणाल्या, "मगे त्या साच्याक कोण इचारता?"

आम्ही दोघं खो खो हसलो होतो.

आमचा प्रॉब्लेम एकच होता. थर चढायच्या आधीच धागे तुटायचे. दीड वर्ष रोज तेच. आमचे गाइड सर वैतागले होते.

मग एकदा लॅबच्या बिल्डिंगमध्ये नोटीस लागली, उद्या पाणी नाही.

मी काळाचौकीच्या चाळीत वाढलेली. पाणी जाणार म्हटलं की हात आपोआप चालतात. बादली, टोप, कळशी, रिकामं काही ठेवायचं नाही. संध्याकाळी निघताना लॅबमधले दिसतील ते रिकामे कॅन मी नळाखाली धरले. त्या आठवड्यात नळाला टँकरचं पाणी होतं, खारट.

त्यातला एक कॅन डिस्टिल्ड वॉटरचा होता. लेबल भिंतीकडे होतं. मी बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्यातलंच पाणी वापरलं. मीसुद्धा.

सगळ्यांचे प्रयोग बोंबलले. धाग्यांची बाटली त्या दिवशी मी एकटीनेच लावली होती, तेवढी सोडून.

माझ्या बाटलीत घट्ट जेल झालं होतं. उलटी धरली तरी थेंब खाली येईना. तेव्हा कॅन फिरवून लेबल बघितलं: डिस्टिल्ड वॉटर.

आधी संदेशला सांगितलं. दुसरं कोणाला सांगणार?

"हे बघ ना, पडतच नाहीये. पाण्यातल्या क्षारांनी धागे धरून ठेवले असतील का रे?"

त्याने बाटली हातात घेतली. स्वतः उलटी करून बघितली.

"काही नाही गं, खराब झालंय. सरांनी बघितलं तर अजून भडकतील. दे, मी टाकून देतो. तू टेन्शन घेऊ नकोस."

मी दिली.

दुपारी सरांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कॅन कोणी भरला? मी हात वर करणारच होते. त्याआधी संदेश म्हणाला, "प्रज्ञाने, सर."

खरंच होतं ते. पण "तिची बाटली एकदा बघा, सर" एवढं तो बोलला नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो फरशीकडे.

मला प्रोजेक्टवरून काढलं. दुसरा विषय मिळालाच नाही. पीएचडी तिथेच संपली.

पुढे संदेशचा पेपर आला. आम्ही पाण्यात कॅल्शियम मुद्दाम मिसळलं, त्याने धागे बळकट झाले, नळ्या टिकल्या. माझं नाव शेवटी होतं, आभारात. 'टेक्निकल हेल्प'साठी.

मी आज दादरला क्लासमध्ये बारावीला केमिस्ट्री शिकवते. बरं चाललंय. पण तो पेपर मी आजवर पूर्ण वाचू शकलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी तो फूलमार्केटपाशी अचानक भेटला. केस पिकले होते. चहा घेतला. मग मी सरळ विचारलं.

"ती बाटली खरंच टाकलीस?"

"हो गं. तेव्हाच."

डोळ्यांत बघून म्हणाला. माझा विश्वास बसला. वाटलं, असेल बाबा, त्याला नंतर स्वतःलाच सुचलं असेल. त्या दिवशी मी जरा हलकी होऊन घरी गेले होते.

काल त्याच्या घरी गेले. काकींनी मला जवळ बसवून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "ह्या चेडू आमच्या संदेशाक मदत करी लॅबात."

मदत करी. आईलासुद्धा त्याने हेच सांगितलं होतं.

ज्या बाईचा मुलगा गेलाय तिला काय दुरुस्त करणार?

मग काकी उठल्या. दाखल्यासाठी कागद शोधताना त्याच्या कपाटात एक वस्तू सापडली होती, रुमालात गुंडाळलेली. ती माझ्या हातात दिली.

"बाय, ह्या तुमच्या लॅबातला काय ता बघ. टाकूचा काय?"

छोटी काचेची बाटली. जेल कधीच सुकून तळाला पांढरी पापडी झालीये. लेबल पिवळं पडलंय, पण अक्षर माझंच.

'प्रज्ञा. उलटी केली तरी पडत नाही.'

म्हणजे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि मला चहा पाजून 'तेव्हाच टाकली' म्हणाला.

संदेश, जाळायची हिंमत झाली नाही ना रे? मग एकदा बोलायची तरी करायचीस. मी तुला माफ केलं असतं. शप्पथ, तिथेच, चहा संपायच्या आत.

काकी उत्तराची वाट बघत होत्या.

मी म्हटलं, "टाकू नका, काकी. ती माझी आहे."

बाटली घरी आणलीये. समोर टेबलावर आहे.

तुला श्रद्धांजली, मित्रा. माफी आज नाही जमत.