कळवण्यात येईल

उजवा हात डोक्यावर ठेवायचा, पाय जुळवायचे आणि खांबासारखं उभं राहायचं. आमच्या शाळेत नवीन आलेल्या माणसाला कंट्रोलर काका असे उभे दिसले की वाटायचं, बिचाऱ्यावर काहीतरी मोठं संकट कोसळलंय. आपल्याकडे डोक्याला हात कधी लावतात ते तुम्हाला काय सांगायचं! पहिल्या दिवशी मीसुद्धा पाण्याचा ग्लास घेऊन धावले होते. त्यांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला, मला परत दिला आणि हात पुन्हा डोक्यावर ठेवला. मग मला दिसलं, समोर पंधरा मुलंही तशीच उभी होती.

उस्मानपुऱ्यातली आमची शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. मी तिथं कारकून. काका मुलांच्या ने-आणीचं बघायचे. त्याआधी सगळी नोकरी एका तालुक्याच्या बसस्थानकात कंट्रोलर म्हणून केलेली, त्यामुळे शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे त्यांना कंट्रोलर काकाच म्हणत.

डोक्यावर हात म्हणजे 'हलू नको'. गाडीनं भलत्या ठिकाणी उतरवलं, नेहमीचं कुणी दिसेना, तर हात डोक्यावर ठेवून जागच्या जागी थांबायचं. ओळखीचं मोठं माणूस येऊन तो हात धरून खाली घेईल, तेव्हाच हलायचं. दर सोमवारी प्रार्थनेनंतर हा सराव चालायचा. एकदा एका पोराचा हात खाली घ्यायचा राहून गेला, तर पठ्ठ्या अख्खी मधली सुट्टी तसाच उभा, डबा काखेत मारून. आम्ही हसून हसून बेजार झालो. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या पोराला जवळ घेतलं आणि स्वतःच्याच गालावर एक चापट मारून घेतली.

त्यांची दुसरी खोड म्हणजे लाल पेन. दर वर्षी शाळा आणि गाड्यांचा ठेकेदार यांच्यात करारनामा व्हायचा. गाडीचा रस्ता कुणी ठरवायचा, मूल कुणाच्या हाती द्यायचं, असली सगळी कलमं त्यात. टाइप करायची मी. आता आपण कचेरीतली माणसं कसं लिहितो? 'मुलांची ने-आण करण्यात येईल. पालकांना कळवण्यात येईल.' काकांचं लाल पेन नेमकं त्या 'येईल'खाली जाऊन थांबायचं.

"व्हय, पन कोन करनार?"

"काका, कागदावरची भाषा अशीच असते हो."

"कागदाचं ऱ्हाऊ द्या, ताई. पोराचा हात धरून कोन उतरवनार, त्याचं नाव लिवा."

"उतरवेल की कुणीतरी!"

"कुनीतरी म्हंजे कुनीच नाय."

मला अस्सा राग यायचा! चार पानांचा कागद, त्यात हे बारा ठिकाणी लाल रेघा मारणार, मी पुन्हा टाइप करणार. ठेकेदार तर त्यांना बघितलं की घाम पुसायचा. पण दर वर्षी त्या बारा जागी नावं पडायचीच.

एका वर्षी करारनाम्याच्याच आठवड्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी लाल रेघांच्या आधीची कुठली तरी जुनी फाईल उघडली, तारखा बदलल्या, छापलं. दोन्हीकडच्या सह्या एका दुपारीच झाल्या. दोन आठवड्यांनी काका काळा चष्मा लावून आले, कागद नाकाशी धरून वाचला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. 'मार्गात बदल झाल्यास पालकांना कळवण्यात येईल.'

"ताई, कोन कळवनार?"

"काका, सह्या झाल्यात. आता पुरे करा!"

मी जरा जोरातच बोलले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवून दिलं.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. क्रांती चौकात कसलासा मोर्चा होता, रस्ते बंद केले होते. दुपारी बाराच्या सुमाराला ठेकेदाराचा फोन आला. "म्याडम, आज गाडी उलट्या बाजूनं फिरवतो. गारखेडा आधी, चौकाकडचं मागून." मी म्हटलं, बरं. मला वाटलं, घरच्यांना तो कळवील. त्याला वाटलं, शाळा कळवील. मी फोन ठेवला आणि हजेरीपटात डोकं घातलं.

रेणू आठ वर्षांची. तिचे वडील मेंढरं घेऊन वर्षाचे आठ महिने रानोमाळ, आई बांधकामावर विटा वाहायची. गारखेड्याच्या पार टोकाला, मोकळ्या प्लॉटांच्या कडेला त्यांचं पत्र्याचं घर. चारला पाण्याच्या टाकीपाशी गाडी यायची आणि आई काम टाकून तिथं उभी असायची. त्या दिवशीही ती चारला उभी होती. गाडी आलीच नाही. साडेपाचला ती शाळेच्या फाटकात आली, पायाला सिमेंट तसंच.

"बाई, माझी रेणू कुटं हाय?"

गाडी तर तीनलाच गेली होती. मला फक्त गारखेड्याकडचा तो मोठा रस्ता दिसत होता, त्याच्यावरून धडधडत जाणारे ट्रक दिसत होते आणि हॉर्न ऐकू न येणारं पोर दिसत होतं. ड्रायव्हर बदलीवरचा, त्याचा फोन बंद. ठेकेदाराला लावला तर तो म्हणतो, "टेन्शन घेऊ नका म्याडम, मुलीला उतरवण्यात आलंय."

गाडीवाल्यानं कळवायचं होतं, असं मी म्हटलं, तर तो शाळेवर ढकलून मोकळा. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुमी म्हनता गाडीवाला, गाडीवाला म्हनतो शाळा. म्या कुनाला इचारू, बाई?"

हे ऐकलं आणि शेजारी येऊन उभे राहिलेले काका मटकन बाकावर बसले. मला वाटलं, आता यांना दवाखान्यात न्यावं लागतंय. पण ते उठले, माझ्या हातातून फोन ओढून घेतला. त्या मवाळ माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कुनी उतरवलं? कुटं उतरवलं? मानसाचं नाव सांग, जागा सांग! ड्रायव्हरच्या घरी जा, कुटं बी जा, पन धा मिनिटांत जागा सांग!"

आम्ही थांबलो नाही. रेणूच्या आईला रिक्षानं टाकीकडे पाठवलं, माझ्या स्कूटीवर मागं काका. वाटेत ते एकच बोलत होते. "पोर हलली नसंल. म्या शिकवलंय. पन कुटं हलली नसंल ते कळाया पायजे ना, ताई." रस्त्यात कुठं गर्दी दिसली की मी डोळे तिकडे न्यायचं टाळत होते. आत कोण पडलंय ते बघायची हिंमत नव्हती.

जेमतेम उजेड उरला असेल तेव्हा ठेकेदाराचा फोन आला. मोठ्या रस्त्याच्या पलीकडचा पेट्रोल पंप, त्याच्या मागचं फाटक. टाकी तिथून किती तरी लांब. बदलीवरच्या ड्रायव्हरला थांबा ठाऊक नव्हता, त्यानं गारखेडा म्हणून तिला तिथं उतरवून दिलं होतं.

ती तिथं होती. डोक्यावर हात ठेवून उभी होती. उजवा हात दुखला असणार, म्हणून डाव्या हातानं त्याचं कोपर धरून ठेवलं होतं. तिच्यापासून चार हातांवर टँकर मागं-पुढं होत होता. तिचा गणवेश ओला झाला होता, पायांवर ओघळ सुकले होते, पण ती हलली नव्हती. आम्हाला बघूनही हलली नाही. काका गेले, गुडघ्यावर बसले आणि तिचा हात खाली घेतला. मग ती एकदम रडायला लागली. मी तर आधीच रडत होते.

मला वाटलं, आता काका मला फाडून खाणार. मनातून मला तेच हवं होतं. पण तिला आईच्या हवाली करून परत येताना ते हळूच म्हणाले, "बसस्थानकात शाळेची एक पोर राहिली होती. गाडी रद्द. म्या रजिस्टरात लिवलं, पुडच्या गाडीनं पाठवन्यात येईल. ड्युटी संपली, म्या घरी गेलो. पुडच्या ड्युटीवाल्यानं वाचलं आन् सोडून दिलं. पोर चालत निघाली."

"मग? सापडली?"

"सापडली. दुसऱ्या दिवशी, एका वस्तीवर. धड होती. पन तवर तिचा बाप माज्या खिडकीपुडं बसून होता. सकाळी म्या ड्युटीवर आलो, तर त्यानं मलाच इचारलं, सायब, कुनाला इचारू? आन् म्या बी म्हनलो, मला काय म्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी आपणहून त्यांच्यापुढं करारनामा ठेवला. त्यांनी लाल पेन माझ्याच हातात दिलं. सातव्या कलमात मी 'कळवण्यात येईल' खोडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. ठेकेदाराचीही त्याच्यापुढं सही घेतली. तेव्हापासून रोज तीन वाजले की माझ्या पोटात गोळा येतो, तो शेवटच्या घरून फोन आल्याशिवाय उतरत नाही. मी एकदा तसं बोलले, तर काका म्हणाले, "येऊ द्या. तो गोळा हाय तवर पोरं घरी पोचतील."

दिवाळीच्या सुट्टीत काका गेले. गावाकडे, दुपारचे पडले होते ते उठलेच नाहीत. सुट्टी संपली, शाळा उघडली आणि वरून माझ्याकडे सूचना टाइप करायला आली. 'सोमवारी प्रार्थनेनंतर श्रद्धांजली अर्पण करण्यात येईल.' मी ती तशीच टाइप केली. मग लाल पेन काढलं, पण कुणाचं नाव लिहायचं ते सुचेना, म्हणून कागद तसाच लावला.

सोमवारी सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता, असं मुख्याध्यापिका बाईंनी खुणेनं सांगितलं. पण त्या मुलांना शांततेचं काय अप्रूप! सगळ्यांत पुढं रेणू होती. तिनं समोरच्या फोटोकडे पाहिलं आणि उजवा हात डोक्यावर ठेवला. मग शेजारच्यानं ठेवला. बघता बघता सगळे हात डोक्यावर गेले.

दोन मिनिटं झाली. चार झाली. कुणीही हलेना. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी बाईंकडे.

मग माझ्या पोटात तो गोळा आला. मी पुढं गेले आणि एकेकाचा हात धरून खाली घ्यायला लागले.