बारा पुडे आणि एक हौद

मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत डासांच्या कॉइलचे बारा पुडे होते. भाची वर्षाला सातवा महिना. तिला आई नाही, म्हणून पुढच्या महिन्यात बाळंतपणाला ती पुण्याला माझ्याकडेच येणार. गेल्या वर्षी हिवतापाने तिला चांगलंच लोळवलं होतं. पुन्हा ताप आला तर बाळाचं काय, या धास्तीने मी दुकानच उचललं होतं म्हणा ना.

मोताळा मागे पडलं, एसटी राजूर घाट चढली आणि वारा गार झाला. बुलढाण्याच्या कडेला, घरांच्या मधोमध, वर्षाच्या सासूबाई वत्सलाबाई यांचा पालक-मेथीचा मळा आहे. "जयभीम ईनबाई (विहीणबाई), बसा," म्हणत त्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढे केला. डोळ्यांत पाणी आलं, तरी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी भाजीची खुडणी सुरू झाली. इथे खुडताना वाफ्याच्या टोकाला कॉइल पेटवायची रीत आहे. मी कौतुकाने माझ्या चार लावल्या. धूर उठला आणि वाऱ्याबरोबर रस्त्याकडे निघून गेला. डास मात्र आमच्यापाशीच! वर्षा घोटे चोळत जुड्या बांधत होती.

वर्षाच्या तपासणीला आलेल्या, आरोग्य केंद्राच्या आशाताई मळ्याकडेच्या हौदावर वाकल्या होत्या. "मोकळ्या रानात धूर काय कामाचा? इकडे या, पाहा."

नितळ पाणी, आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. अगं बाई! आम्ही डास हाकलत होतो आणि त्यांचं बाळंतपण इथे आमच्याच हौदात चाललं होतं.

"दर आठवड्याले हौद कोरडा करा, मावशी," आशाताईंनी वत्सलाबाईंना बजावलं.

"कसा करू?" वत्सलाबाई म्हणाल्या. "नळ आठ दिवसांनी येते. भरला हौद रिता कराव नाही, हे सासूनं शिकवलं मले."

मग त्यांनी वर्षाच्या पोटाकडे पाहिलं आणि बादली उचलली. "चाला व, सारं पालकाले देऊ!"

अंधाराआधी हौद घासून झाला. पुढचे दोन दिवस शेजारच्या दोन हंड्यांवर घर चाललं. मी कुरकुरलेसुद्धा, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी नळ आला, तेव्हा नव्या पाण्यावर वत्सलाबाईंनी जुनं लुगडं ताणून बांधलं.

निघताना त्यांनी उरलेले पुडे माझ्या पिशवीत परत कोंबले. "राहू द्या, तिकडे लागतीन." मला हसू आलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुठला आलाय मळा!

घरी आले, पिशवी ठेवली आणि सहज बाल्कनीत गेले. गुलाबाच्या कुंडीखालच्या ताटलीत बोटभर नितळ पाणी होतं. चष्मा लावून वाकले. वळवळत होत्या. शेजारच्याच खोलीत मी वर्षासाठी खाट लावून ठेवली होती.