पुनारामची तीन चिनी नाणी

छोटेलालनं पुनारामला पहिल्यांदा पाहिलं ते दवनीवाड्याच्या बाजारात. तो शपथेवर सांगे, की त्या दिवशी पुनारामच्या मिशीच्या एका टोकाखाली वांगीवाली सावलीला बसली होती, दुसऱ्या टोकाला बांगडीवाल्यानं माल टांगला होता, आणि पुनाराम नुसता खाकरला तर पार मुर्री गावापर्यंतचे बैल दचकून उभे राहिले.

यातलं निम्मं सोडून दिलं तरी माणूस भव्यच. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या छावणीत खेचरं सांभाळून आला, आणि येताना चौकोनी भोकाची तीन चिनी नाणी घेऊन आला. छावणीतल्या चिनी स्वयंपाक्यानं त्याला आपल्या मुलखाची फार जुनी विद्या शिकवली होती. मनात प्रश्न धरायचा, तिन्ही नाणी सहा वेळा टाकायची, आणि दर वेळी जसं पडेल तशी एक ओळ मांडायची, अखंड किंवा मधून तुटकी, खालून वर. अशा चौसष्ट आकृत्या होतात, प्रत्येकीचा अर्थ वेगळा. पुनारामला पंधराएक आठवत. बाकीच्यांचे अर्थ तो जागच्या जागी तयार करी, आणि तेच जास्त खरे निघत.

सन बावन्नच्या रोवणीत, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, छोटेलाल त्याच्याकडे रडवेला होऊन आला. भर बांधीत, धानाच्या शेतात, सगळ्या बायांसमोर, तो आपल्या बायकोला, कुंदाबाईला म्हणाला होता, "तुही ओळ वाकडी होऊन राहिली." कुंदाबाईनं हातातली धानाच्या रोपांची जुडी चिखलात आपटली आणि थेट मुर्रीला माहेरी गेली. सहावा महिना होता तिला.

"मामा, नाण्यायले विचारा, कुंदा कधी येते?"

"असा सवाल चालत नाही. ते काय करन ते सोड. तू काय करशीन ते विचार."

"मी काय करू? मी तं घरीच हावो."

"मंग बस घरी. इथं कायले आला?"

छोटेलालनं शेवटी विचारलं, "मी काय करू?" नाणी पडली. पुनारामनं त्यालाच धानाच्या तणसाच्या काड्या देऊन अंगणात ओळी मांडायला लावल्या. मग मान तिरकी करून तो आकृतीकडे बघत बसला.

"काय निघालं, मामा?"

"चांगलं निघालं. पण तुह्या सहाही ओळी वाकड्या हायेत. कोरड्या अंगणात, बसल्या जागी! अन् ते पोट घेऊन, वाकून, चिखलात मागं सरकत रोवून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी छोटेलाल सासऱ्याच्या बांधीत उतरला आणि सगळ्या मुर्रीदेखत त्यानं एक ओळ रोवली. कुंदाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती.

"हे रोवणी होय का साप गेला?"

बाया खो खो हसल्या. चिखलातून छोटेलाल म्हणाला, "मले येत नाही, कुंदा. घरी चल."

ती आली, पण आधी तीच ओळ उपटून त्याच्याकडून पुन्हा रोवून घेतली.

दिवाळीत मुलगा झाला. रात्रंदिवस रडे. कुंदाबाई पुनारामकडे गेली आणि म्हणाली, "मामा, एक नाणं द्या, याच्या करगोट्यात बांधाले." बैल बदलायचा तरी कौल घेणाऱ्या त्या माणसानं काहीही न विचारता, काहीही न टाकता एक नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं.

पोरगा रडायचा थांबला नाही. दोन नाण्यांवर ही विद्या चालत नाही. पुढच्या वर्षी पुनारामनं कौल सोडून पिठाची चक्की टाकली.