आमच्या घरच्या शाळेची तपासणी

आमची मुलगी अडखळत बोलायची. वर्गातली मुलं तिच्या नकला करत. चौथीत तिने शाळेत बोलणंच सोडलं, तेव्हा आम्ही तिला घरी ठेवलं. मी नोएडातली नोकरी सोडली आणि मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर आमची शाळा सुरू झाली.

पुढे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत घालण्याचा कायदा आला. शेजारीण म्हणाली, "देख लेना, नोटिस आएगा." तेव्हापासून मी सगळं फायलीत लावायला लागले. महिन्याचा अभ्यास, सोडवलेले पेपर, पानिपतची रणभूमी बघून आल्यावर तिने काढलेला लढाईचा नकाशा. तरी दाराची बेल वाजली की मी आधी दाराच्या भिंगातून बघायचे.

एका सकाळी खरंच सरकारी शाळेतल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. शाळेत न जाणाऱ्या मुलांची पाहणी चालू होती.

"बच्ची किस स्कूल में है?"

खोटं बोलावंसं वाटलं. तेवढ्यात मुलगीच बाहेर आली. "मैं घ... घर पे पढ़ती हूँ."

मी घाईघाईने फायली आणल्या. बाई सोफ्यावर बसून एकेक पान बघत राहिल्या. नकाशापाशी थांबून म्हणाल्या, "ये समझाओ."

मुलगी अडखळली, थांबली, पुन्हा बोलू लागली. बाईंनी एकदाही तिचं वाक्य पुरं केलं नाही. मी मात्र ओढणीचं टोक पिळत होते.

शेवटी मी विचारलंच, "मॅडम, हम पे केस होगा क्या?"

त्या हसल्या. "माँ-बाप को सज़ा इस क़ानून में है ही नहीं. ये सब सँभाल के रखिए. चौदह की हो जाए तो ओपन स्कूल से दसवीं करवा दीजिए."

त्यांनी शेऱ्यात 'घर पर पढ़ती है' असं लिहिलं आणि चहा न घेताच पुढच्या दाराकडे गेल्या. मी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला आणि रडायलाच लागले. तो घाबरून म्हणाला, "अगं, काय झालं?" "काही नाही झालं," मी म्हणाले, "काहीच नाही झालं!"

चौदा पूर्ण झाल्यावर ओपन स्कूलच्या कार्यालयात जाऊन दहावीचा अर्ज भरला. शाळेचा दाखला मागतील ही धास्ती होतीच. पण जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि अभ्यास झाल्याचं आपलंच लेखी निवेदन एवढ्यावर काम झालं. खिडकीपाशी उभं राहून सगळं तीच बोलली. मी मागे बाकावर बसून होते.